दोन नंबरचा प्लग कुठला?

गाडी मिसिंग करायला लागली की चालवणाऱ्याला सगळ्यात शेवटी कळतं, आधी शेजारच्या सीटवर कळतं. "अरे, गाडी उचक्या देतेय का?" असं बायको म्हणाली तेव्हा मी "रस्ता खराब आहे" असं ठोकून दिलं, पुण्यात हे उत्तर सहसा चुकत नाही. पण मग नळ स्टॉपच्या सिग्नलला उभं असताना, म्हणजे रस्त्याचा काही संबंधच नसताना, स्टेअरिंग थरथरायला लागलं, मागून फुस्स... फट् असा आवाज आणि डॅशबोर्डवरचा तो पिवळा इंजिनाचा दिवा चक्क लुकलुकायला लागला. हा दिवा नुसता लागून राहिला तर लोक वर्षभर तशीच गाडी पळवतात, पण लुकलुकला तर प्रकरण वेगळं असतं, कुठल्यातरी सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता तसंच पुढं चाललंय आणि सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्यात भाजून निघतोय असा त्याचा अर्थ. त्या कन्व्हर्टरची किंमत एकदा विचारून बघा, फक्त बसून विचारा.

मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणाला, "लग्नाला गावी आलोय साहेब. प्लग काढून बघा ना, प्लगच सांगेल काय ते. मला फोटो टाका." प्लग म्हणजे स्पार्क प्लग, प्रत्येक सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारा.

रविवारी सकाळी इंजिन थंडगार असताना पार्किंगमध्ये उतरलो. थंड पाहिजेच, गरम हेडमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातून, जोर लावून प्लग काढला तर ॲल्युमिनियमचे आटे पण सोबत निघून येतात आणि मग प्लगचं काम राहतं बाजूला. सोळाचा प्लग पाना, एक्स्टेन्शन, वरची चार कॉइल (प्लगला ठिणगीची वीज पुरवणारी) काढली की खाली चार खोल भोकं आणि त्यात कितीतरी वर्षांची धूळ. ती आधी फुंकून काढायची, नाहीतर सरळ सिलिंडरमध्ये जाते, आणि फुंकली की सरळ आपल्या डोळ्यात. डोळे चोळत चोळत का होईना पण चारही प्लग काढले आणि पार्किंगच्या कठड्यावर पेपर अंथरून एक, दोन, तीन, चार अशा ओळीनं मांडले. सगळा खेळ या ओळीचा असतो बरं का. एकटा प्लग काय वाटेल ते सांगतो, चौघं शेजारी ठेवले की त्यातला वेगळा कोण ते दिसतं आणि तो ज्या नंबरचा, त्या सिलिंडरमध्ये लोचा.

आणि तिथंच वरच्या मजल्यावरचे काका आले. हातात भिंग. हे भिंग ते पेपरातलं शब्दकोडं सोडवायला वापरतात, पण त्या दिवशी बहुतेक गॅलरीतून सगळं बघूनच खाली आले असावेत.

"काळा पडलाय हा," काका म्हणाले. "ऑइल खातेय गाडी. रिंगा गेल्या. हाफ इंजिन करायला लागणार तुम्हाला."

हाफ इंजिन म्हणजे इंजिन उघडून पिस्टनच्या रिंगा वगैरे बदलायचं मोठं काम, आणि बोनेट उघडं दिसलं की त्याच्या खाली कुणी बोलतच नाही. तेवढ्यात जिममधून येणारा तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा थांबला, त्यानं मोबाईलवर रंगांचा तक्ता काढला आणि "मिक्श्चर लीन आहे काका" असं जाहीर केलं. लीन असेल, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, तर प्लग पांढराफटक पडतो, त्याच्या चिनी मातीच्या भागावर बारीक फोड पण येतात. आमचा तर कोळसा होता. पण तक्त्यातलं ते चित्र त्याला आवडलं असावं.

खरं तर बोट फिरवलं की निम्मा वाद मिटतो. ऑइल असेल तर चिकट, चकाकणारं, पुसलं तरी बोटावरून हलत नाही. आमच्या तीन प्लगांवर फिकट तपकिरी थर होता, म्हणजे तिथं जळण व्यवस्थित. उरलेल्या एकाच्या टोकाला काळी ओलसर काजळी, बोटाला लागली, पेट्रोलचा भपकारा आला आणि ओल बघता बघता उडून गेली. म्हणजे पेट्रोल आत येतंय पण ठिणगीच पडत नाहीये. "रिंगा नाही काका, स्पार्क नाहीये," मी म्हटलं. काकांनी बोट हुंगलं, "हं" म्हणाले, आणि हाफ इंजिन थोडक्यात हुकल्याचं दुःख त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं.

अर्थात काळा दिसला की लगेच आजारी असंही नसतं. प्लगचं टोक साधारण साडेचारशे डिग्रीच्या वर तापलं की स्वतःवरची काजळी स्वतःच जाळतं, तेवढं तापायला गाडी पळावी लागते. रेसवाले फुल थ्रॉटलवर इंजिन एकदम बंद करतात आणि तिथल्या तिथं प्लग काढून वाचतात. आपण कर्वे रोडवरून फर्स्ट-सेकंड, फर्स्ट-सेकंड करत घरी येऊन प्लग काढणार, त्यात इंजिनापेक्षा ट्रॅफिकचाच रिपोर्ट जास्त निघणार. पण तिघं तपकिरी आणि एकटाच काळा म्हटल्यावर ट्रॅफिकला दोष देता येत नाही, ट्रॅफिकमध्ये चौघं एकत्रच अडकलेले असतात.

मेकॅनिकला फोटो पाठवायचा होता, फोन वर चार्जिंगला, म्हणून दोन मिनिटं घरी जाऊन आलो. बघतो तर काका भिंग पुसत उभे.

"नीट लावून ठेवले बघा. रंगाप्रमाणे. काळा शेवटी. आता कसं सुटसुटीत दिसतंय."

मी म्हटलं, "काका, दोन नंबरचा कुठला होता?"

"नंबर होते होय?"

म्हातारं माणूस, काय बोलणार. स्वतःला समजावलं की जाऊ दे, नाहीतरी चारही बदलायचे आहेत, इलेक्ट्रोड पार झिजून गोल झालेत. नवे आणले, फीलर गेजच्या पातळ पट्टीनं टोकांमधली गॅप बघितली, आधी हातानं आटे बसवून मग पाना लावला, स्टार्टर मारला आणि गाडी जश्शी होती तश्शी, फुस्स... फट्. म्हणजे कॉइल गेलं. चारपैकी कुठलं? ते कठड्यावरच्या ओळीत लिहिलेलं होतं, आणि ती ओळ आता अगदी सुटसुटीत झाली होती.

फोनवर मेकॅनिक हसला, मागं सनई चालू होती. "चालू गाडीत एकेका कॉइलचा कनेक्टर काढा, पटकन बघून परत लावा. कॉइलला हात नका लावू, तिथं वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात." एक नंबरचा काढला, इंजिन धडधडलं, परत लावला. दोनचा काढला, ढिम्म. ऑफिसात एखादा आठवडाभर सुट्टीवर जातो आणि कुणाला पत्ताच लागत नाही ना, तसा हा दोन नंबर. खात्री म्हणून इंजिन बंद करून तीनचं कॉइल दोनवर आणि दोनचं तीनवर टाकलं, तर आजार बरोबर तीनवर गेला. नवं कॉइल घातलं, पिवळा दिवा गप.

नंतर मेकॅनिकनं सांगितलं की कॉइल मारलं ते जुन्या प्लगनीच. टोकं झिजली की गॅप वाढते, तेवढ्या लांब उडी मारायला कॉइलला जास्त व्होल्टेज काढावं लागतं, बिचारं वर्षानुवर्षं ढकलतं आणि एक दिवस बसतं. प्लगच्या पैशांत भागणारं काम कॉइलच्या बिलावर जातं ते असं.

पुढच्या रविवारी बेल वाजली. दारात काका, हातात भिंग.

"तुमचा तो लांब पाना द्या जरा."

"का हो काका, तुमची पण मिसिंग करतेय का?"

"छे छे, फर्स्ट क्लास आहे. पण आत काय चाललंय ते बघायला नको?"