आपला माल का अडवायचा?

सोलापुरातला भाचा टॉवेल निर्यात करतो. परवा फोनवर म्हणाला, "मामा, दुसऱ्या देशातल्या अन्यायासाठी आपण आपला माल का अडवायचा? निर्बंधांनी आजवर कुणाचं भलं झालंय? आधी घरचं बघावं." दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये राहणाऱ्या माणसाला हे ऐकवत नाही.

जुलै १९४६ मध्ये, स्वातंत्र्यही मिळालं नव्हतं तेव्हा, भारताने दक्षिण आफ्रिकेशी तिथल्या वर्णभेदापायी व्यापार तोडला. असं करणारा तो पहिला देश. आपल्या निर्यातीतला सुमारे ५ टक्के माल इकडे यायचा, तो सोडला. त्याच वर्षी इथल्या भारतीयांवरच्या जमीनबंदीचा प्रश्न विजयालक्ष्मी पंडितांनी संयुक्त राष्ट्रांत लढवला आणि इथले पंतप्रधान स्मट्स खुद्द समोर असताना दोनतृतीयांश मतांनी ठराव जिंकला. १९७४ मध्ये टेनिसच्या डेव्हिस करंडकाच्या अंतिम फेरीत पोचूनही आपण खेळलो नाही. करंडक दक्षिण आफ्रिकेला गेला. जाऊ दिला!

लगेच काही झालं नाही, हे खरं. सगळ्या देशांवर बंधनकारक शस्त्रबंदी यायला १९७७ उजाडलं. अमेरिकन काँग्रेसने अध्यक्ष रेगनचा नकाराधिकार झुगारून निर्बंध लादले ते १९८६ मध्ये. पण कुणीतरी आधी नुकसान सोसल्याशिवाय बाकीचे हलले असते का?

शेजारच्या आंटींचं कुटुंब वर्णभेदाच्या काळात डर्बनच्याच कॅटो मॅनर वस्तीतून उठवून चॅट्सवर्थला टाकलेलं. परवा वीज गेली असताना गेटपाशी बसलो होतो, तेव्हा म्हणाल्या, भारतातून साड्या यायच्या थांबल्या, पण आईने कधी कुरकुर केली नाही. बंदीची झळ ज्यांना बसली त्यांनाच ती हवी होती, हे भाच्याला कसं समजावू?

आणि घरचं बघायचंच तर आपल्या सोलापुरात सेटलमेंट होतं. जन्माने गुन्हेगार ठरवलेली माणसं तारेच्या कुंपणात, हजेरी देत जगायची. १८७१ पासून चालत आलेला तो कायदा १९५२ मध्ये देशभर रद्द झाला. बाहेर बोलणाऱ्या देशाने घरचं कुंपणही काढलं. तिथल्या लोकांना आमच्या गल्लीत भाड्याने खोली अजून सहज मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी भाच्याने जरूर भांडावं, मी पैसे पाठवतो. पण त्याच्या आड १९४६ ला मूर्खपणा म्हणू नये.

मला हे इतकं का लागतं? सोलापुरात आता मी बाहेरचा. इथे १८६० पासून रुजलेल्या भारतीयांच्या मुलानातवंडांत मी कालपरवा नोकरीसाठी आलेला, त्यांच्या लढ्यात काहीच न सोसलेला. आंटींच्या ओसरीवर ताठ मानेने बसायला माझ्याकडे माझं स्वतःचं काही नाही, त्या ५ टक्क्यांखेरीज.