मधली फट

आमच्याकडे डबल बेड नाही. दोन सिंगल बेड आहेत आणि ते मिळून एकच आहेत, असं आम्ही दोघं गेली सतरा वर्षं धरून चाललो आहोत. डावीकडचा सागवानी, हिच्या माहेरून आलेला. त्यावरची कापसाची गादी तीनदा पिंजून झाली आणि आता ती विटेच्या जातीत जमा आहे. उजवीकडचा माझा, प्लायवूडचा, हप्त्यांवर घेतलेला, वर फोमची गादी. सागवानी बेड अर्धा इंच बुटका आहे. हे मी लग्नानंतर एकदाच बोलून दाखवलं.

या दोघांच्या मधे एक फट आहे. दर दिवाळीला झाडलोट करताना आम्ही बेड चिकटवून ठेवतो, आणि देवदिवाळीपर्यंत फटीत रुपयाचं नाणं जाऊ लागतं. संक्रांतीला कंगवा जातो, शिमग्याला रिमोट, आंब्याच्या दिवसांत माझा चष्मा. गेल्या श्रावणात रात्री तीनच्या सुमारास मी स्वतः गेलो. सगळा नाही, डावा पाय मांडीपर्यंत. एक पाय फरशीकडे, दुसरा फोमवर, तोंड उशीत आणि पाठीवर सहा वर्षांच्या धाकट्याची लाथ, अशा अवस्थेत माणूस फार अंतर्मुख होतो.

"मी म्हणत नव्हते?" अंधारातून आवाज आला. "बेड सरकतायत."

हिचं हे म्हणणं दोन वर्षांपासूनचं. माझं उत्तरही तेवढंच जुनं. "अगं, बेड कसे सरकतील? त्यांना ढकलतंय कोण?" हा प्रश्न मला बिनतोड वाटायचा. ढकलणारा दाखव, नाहीतर गप्प बस. फट असेल तर ती पहिल्यापासूनच असेल. आपलं लक्ष गेलं नसेल.

सकाळी मी लंगडत पोहे खात असताना थोरली म्हणाली, "बाबा, वेगेनरलासुद्धा लोकांनी हेच विचारलं होतं."

थोरली अकरावीला आहे आणि भूगोल तिने स्वखुशीने घेतलाय, यावरून आमच्या खानदानात अजून वाद आहेत. वेगेनर हा तिच्या क्लासमधला कोणी मुलगा असावा अशी शंका येऊन मी पोह्यांचा चमचा खाली ठेवला. निघाला जर्मन, आणि बऱ्याच वर्षांपूर्वी वारलेला. मी पुन्हा चमचा उचलला.

आल्फ्रेड वेगेनर धंद्याने हवामानवाला. जानेवारी १९१२ मध्ये फ्रँकफुर्टला त्याने भूगर्भवाल्यांसमोर सांगितलं की खंडं एकेकाळी एकत्र होती आणि नंतर पांगली. दक्षिण अमेरिकेचा फुगवटा आणि आफ्रिकेची खोबण एकमेकांत बसतात, हे नकाशा उघडणाऱ्या कोणाही पोराला दिसतं. पण याने पुढचा हिशेब मांडला. मेसोसॉरस नावाचा एक छोटा सरपटणारा प्राणी, त्याचे अवशेष ब्राझीलमध्येही आणि दक्षिण आफ्रिकेतही. तो काय अटलांटिक पोहून गेला? ग्लॉसोप्टेरिस नावाची वनस्पती, तिची जिभेसारखी पानं आपल्याकडच्या गोंडवनी खडकांत, आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, सगळीकडे. त्याच १९१२ च्या मार्चमध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती गारठून गेले. मागाहून त्यांच्या तंबूपाशी १६ किलोच्या आसपास दगड सापडले. मरणाच्या दारातही त्यांनी ते टाकले नव्हते, आणि त्यांत हेच पान होतं.

वेगेनर म्हणे, फाटलेल्या वर्तमानपत्राचे तुकडे जोडून पाहा. कडा जुळल्या आणि वरून छापलेल्या ओळीही जुळल्या, तर कागद मुळात एकच होता. मला फाटक्या नोटेचं उदाहरण जास्त पटतं. नंबर जुळला तर बँक घेते. एसटीचा कंडक्टर तरीही घेत नाही, आणि वेगेनरच्या नशिबी सगळे कंडक्टरच आले. तू हवामानवाला, तुझा काय संबंध? आणि मुख्य म्हणजे, ढकलतंय कोण? यावर बिचाऱ्याकडे धड उत्तर नव्हतं. पृथ्वीच्या फिरण्याचा जोर, चंद्रसूर्याची ओढ, असं काहीबाही त्याने पुढे केलं. जेफ्रीज नावाच्या इंग्रज गणितज्ञाने हिशेब करून दाखवलं की या जोराने खंड काय, काही म्हणता काही हलणार नाही. गंमत म्हणजे जेफ्रीजचं गणित बरोबर होतं. ढकलणारा चुकला होता, पण सरकणं खरं होतं. वेगेनरने वेगही शंभरपट फुगवून सांगितला होता, म्हणजे विरोधकांना आयतं कोलीत.

१९३० च्या नोव्हेंबरात, पन्नाशी ओलांडल्या ओलांडल्या, तो ग्रीनलंडच्या बर्फात गेला. तळावरच्या माणसांना रसद पोचवून परतत होता. अजून तिथेच आहे. जे ग्रीनलंड सरकतं असं तो म्हणत होता, त्याच्याबरोबर सरकतोय.

इथे मी थोडा हळवा झालो होतो. तेवढ्यात थोरलीने मेरी थार्पचं नाव काढलं आणि माझे ग्रह फिरले.

थार्पबाई न्यूयॉर्कजवळच्या लॅमाँट वेधशाळेत नकाशे काढायच्या. समुद्राची खोली मोजणाऱ्या बोटींवर तेव्हा बायकांना घेत नसत. पुरुषांनी आकडे आणायचे आणि बाईंनी टेबलाशी बसून त्यांचा तळ रेखाटायचा. १९५२ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की अटलांटिकच्या मधोमध जी पाण्याखालची डोंगररांग आहे, तिच्या माथ्यावरून एक खोल फट जाते. म्हणजे जमीन तिथे फाकते आहे. त्यांनी हे सहकारी ब्रूस हीझनला सांगितलं. तो म्हणाला, ही बायकी बडबड आहे. मग शेजारच्या टेबलावर दुसरा एकजण समुद्रातल्या भूकंपांची ठिकाणं नकाशावर टिंबांनी मांडत होता. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवले, तर टिंबं सरळ फटीत जाऊन बसली. हीझनला पटायला वर्षभर लागलं.

"वर्षभरच?" ही म्हणाली. एवढंच बोलून ती उठली, शिवणाच्या मशीनच्या खणातून टेप काढली, धाकट्याच्या पाटीजवळचा खडू घेतला आणि बेडरूममध्ये गेली.

त्या रविवारी फट १५ सेंटिमीटर भरली. दोन्ही बेडच्या आतल्या पायांशी फरशीवर रेघा मारण्यात आल्या. महिनाभर कोणीही बेड ढकलायचा नाही, असा हुकूम निघाला. पुढच्या रविवारी नव्या रेघा, त्याच्या पुढच्या रविवारी आणखी. पाचव्या रविवारी मी ओणवा होऊन पाहिलं, तर मधोमध मोकळी फरशी आणि दोन्ही बाजूंना सारख्याच अंतराने सारख्याच रेघा, जणू आरशात पाहतोय. फट साडेसोळा.

"समुद्राच्या तळाला अस्सेच पट्टे आहेत," थोरली टाळ्या वाजवत म्हणाली. फटीतून लाव्हा वर येतो, थिजतो, आणि थिजताना त्या वेळच्या उत्तर-दक्षिणेची खूण स्वतःत धरून ठेवतो. पृथ्वीचं चुंबकत्व अधूनमधून उलटंपालटं होतं, त्यामुळे एक पट्टा सुलटा, एक उलटा, आणि रांगेच्या दोन्ही अंगांना जोडीजोडीने तेच पट्टे. १९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज या दोघांनी हा अर्थ लावला. त्यांचा खडू लाखो वर्षांचा, हिचा महिन्याचा. पुराव्याची जात एकच.

मग थोरलीने वेग काढला. महिन्याला दीड, म्हणजे वर्षाला १८ सेंटिमीटर. अटलांटिक वर्षाला दोनअडीच सेंटिमीटर रुंदावतो, आपली नखं वाढतात साधारण तेवढाच. आमची जोडी म्हणजे भारताच्या ऐन जवानीतल्या वेगाची. मादागास्करशी काडीमोड झाल्यावर भारत उत्तरेकडे जो सुटला, तो एका काळात वर्षाला १५ सेंटिमीटरच्याही वर. वाटेत रियुनियन बेटाच्या खालच्या तापल्या ठिकाणावरून गेला आणि ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी अंगावर एवढा लाव्हा सांडून घेतला की आपला सह्याद्री त्यातून कोरून निघाला. पुढे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियावर धडकला. अजूनही थांबलेला नाही. वर्षाला ५ सेंटिमीटरच्या आसपास रेटतोच आहे. म्हणजे महाराष्ट्र दरसाल दिल्लीच्या दिशेने सरकतो. दिल्लीही तेवढीच पुढे सरकते, म्हणून अंतर काही कमी होत नाही.

आईचं मत मात्र वेगळं पडलं. "कोयना हलत असेल," ती म्हणाली. आम्ही कराडचे. आमच्या आईच्या पिढीला भांडं वाजलं तरी आधी कोयना आठवते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ती तेरा वर्षांची होती. त्यानंतर कितीतरी रात्री सगळी आळी थंडीत उघड्यावर झोपली. थोरलीने तिला समजावलं की कोयना कुठल्याही भूपट्टाच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्याच्या, कडेला नाही, कडा इथून शेकडो कोस लांब. तिथे जमिनीतल्या जुन्या भेगांवर धरणाच्या पाण्याचा परिणाम होतो, असं शास्त्रज्ञ मानतात. त्यांनी तिथे ३ किलोमीटर खोल भोक पाडून पाहिलंय. सव्वा किलोमीटर आपला काळा पाषाण, खाली ग्रॅनाइट. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते बुडाशी जाऊन बघून आले. तुझा बाप बेडखाली तरी वाकतो का?"

तर आता प्रश्न उरला माझाच. ढकलतंय कोण?

याचं उत्तर धाकट्याने दिलं, तेही न विचारता. तो रेघांच्या मधल्या फरशीवर गोट्या खेळत होता. एक गोटी त्याने मधोमध ठेवली, ती सागवानी बेडखाली निघून गेली. दुसरी ठेवली, ती माझ्या बाजूला. तिसरी पुन्हा तिकडे. मला आठवलं, या खोलीच्या पूर्वी दोन खोल्या होत्या. एकीला पूर्वेला मोरी, दुसरीचं पाणी पश्चिमेला गच्चीत. वडिलांनी मधली भिंत पाडली, पण दोन्हीकडचे उतार तसेच राहिले. भिंत होती तिथे फरशीला उंचवटा, आणि बरोब्बर त्याच्यावर आम्ही आमचा संसार मांडलेला. वरच्या बेडांना पायाला रबरी बुचं, आणि त्यांना रात्रभर कूस बदलणारा मी.

समुद्रातही निम्मी गोष्ट अशीच आहे. मधली रांग उंच, तिच्या दोन्ही उतारांवरून भूपट्ट खाली घसरतात. पण खरा जोर दुसऱ्या टोकाचा. तो मला त्याच आठवड्यात कळला, गोधडीवरून. गोधडीचा थोडासा काठ बेडवरून खाली लोंबला, की त्याच्या वजनाने उरलेली गोधडी आपोआप ओढली जाते आणि पहाटे माणूस उघडा पडतो. कोणी ओढत नाही. (हे मी आता म्हणतो. सतरा वर्षं मी हिला दोष देत होतो.) महासागराचा तळ जुना, थंड आणि जड झाला की त्याची कड प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या थरात, बुडते आणि मागचा सगळा भूपट्ट ओढत नेते. प्रावरण हा काही रस्सा नव्हे, घनच खडक आहे. पण तापलेला, आणि कोट्यवधी वर्षांच्या हिशेबात काकवीसारखा वाहणारा. पोटातल्या उष्णतेने तो उकळीसारखा फिरत असावा, हे आर्थर होम्स नावाच्या इंग्रज भूगर्भवाल्याने १९२८ मध्येच मांडलं होतं. तेव्हा त्यालाही फारसं कोणी विचारलं नाही. गोधडी अंगावर असेपर्यंत कोण विचार करतो?

मी हिच्यापुढे चूक कबूल केली. ती "बरं" म्हणाली. त्या "बरं"ला पुढेमागे किती भेगा पडतील, ते मोजायला टेप पुरणार नाही.

सुतार बोलावला. त्याने पंचेचाळीस मिनिटांत दोन्ही बेड खालून लोखंडी पट्ट्यांनी आवळून स्क्रू मारले. "आता सात जन्म हलत नाही बघा," म्हणाला. फट नाहीशी झाली. पण गाद्या बेडपेक्षा बोटभर रुंद होत्या, हे इतकी वर्षं फटीत मुरून गेलं होतं. आता दोघी समोरासमोर आल्या. एक दुसरीखाली जाईल म्हणावं, तर दोघींनाही मान्य नाही. भारत आणि आशिया यांचं हेच झालं. दोन्ही खंडांचे खडक हलके, बुडायला कोणी तयार नाही, मग उरला एकच मार्ग, वर. सकाळपर्यंत आमच्या मधोमध वीतभर उंच वळी उभी राहिली. धाकट्याने तिच्यावर चढून स्वतःला एव्हरेस्टवीर जाहीर केलं.

आणि तिच्या माथ्यावर, चादरीच्या चुणीत, त्याला एक कंगवा सापडला. दोन वर्षांपूर्वी फटीत गेलेला, दोन दात कमी. एव्हरेस्टच्या शिखरावरच्या चुनखडकात समुद्री जिवांचे अवशेष आहेत, असं थोरली सांगत होती; मधे टेथिस नावाचा समुद्र होता, तो चेपला गेला आणि त्याचा तळ वर आला. माझं अर्धं लक्ष होतं. मी कंगवा धुऊन केसांतून फिरवत होतो. तिकडे कंगव्याचे दोन दात गेले, इकडे केसांचंही बरंच काही.

ही गोष्ट गणपतीतली. परवा ऑफिसला निघताना मी कपाट उघडायला गेलो, तर दार अर्धंच उघडलं आणि बेडच्या कडेला टेकलं. पूर्वी ते पूर्ण उघडून भिंतीला लागायचं. हिने दारातून पाहिलं.

"अहो, बेड कपाटाकडे येतोय वाटतं."

मी तोंड उघडलं. तेच वाक्य जिभेवर आलं होतं. मग शर्ट तसाच हँगरला ठेवला आणि मशीनच्या खणातली टेप शोधायला गेलो.