काटा पळतो, गाडी नाही

चारशे हॉर्सपॉवरची गाडी बिघडली असं सांगून कोणाकडून सहानुभूती मिळवून दाखवावी. पाठ दुखते म्हणा, झोप लागत नाही म्हणा, लोक हळहळतात. 'माझ्या स्पोर्ट्स कारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स स्लिप होतोय' म्हटलं, की समोरच्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. जगात अजून न्याय शिल्लक आहे, याची त्याला खात्री पटलेली असते.

स्लिप होतोय म्हणजे काय, तर मी ऍक्सिलरेटर दाबतो, इंजिन डरकाळी फोडतं, इंजिनचे मिनिटाला फेरे दाखवणारा आरपीएमचा काटा तीन हजारांवरून चार हजारांच्या जवळ उडी मारतो आणि गाडी आहे त्याच वेगाने, विचार करत करत, पुढे जाते. सामान हलवायच्या वेळी सगळ्यात मोठ्याने सूचना देणारा माणूस स्वतः काही उचलत नाही, तसं. मग एकदम भान आल्यासारखा दणका देऊन गिअर पकडला जातो. हे सगळं दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना, सकाळी घरातून निघाल्या निघाल्या, आणि शक्यतो एखाद्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करायला घेतलं की. ट्रॅक्टरवाल्याने फक्त मान वळवून पाहिलं. हॉर्न दिला असता तर बरं वाटलं असतं.

ऑटोमॅटिक म्हणजे क्लचची कटकट नाही, असं गाडी घेताना सांगितलं जातं. हे अर्धसत्य आहे. नसते ती क्लचची पेडल. क्लच मात्र आत चार-पाच बसलेले असतात. घर्षणाच्या प्लेटांच्या थप्प्या, ऑइलच्या दाबाने एकमेकींवर घट्ट दाबलेल्या. दाब कमी पडला किंवा प्लेटांचं अस्तर झिजलं की त्या घसरतात, तापतात, जळतात, आणि जळल्या की आणखी घसरतात. शिवाय इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे टॉर्क कन्व्हर्टर. तिथे तर सुरुवातीला ताकद ऑइलमधूनच पुढे जाते, म्हणजे थोडं घसरणं हा त्याचा धंदाच आहे. एकाच आजाराचे दोन संशयित, आणि त्यातला एक कायमच थोडा आजारी.

पहिल्या गॅरेजमध्ये बॉनेटही न उघडता निदान झालं: गिअरबॉक्स बदला. तिथून मी लगेच निघालो. मग सल्लागार भेटले. त्यांचे दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, आधी ऑइल बदल. दुसरा म्हणतो, चुकूनही बदलू नकोस, जुन्या ऑइलमधल्या घाणीवरच प्लेटा टिकून आहेत, नवीन टाकलंस की गाडी जागची हलणार नाही. दोन्ही पंथांकडे एकेक मेलेली गाडी पुरावा म्हणून तयार असते. गाडीच्या पुस्तकाचं म्हणणं आणखी वेगळं: ऑइल 'लाइफटाइम' आहे. कोणाचं लाइफटाइम, ते लिहिलेलं नाही. गिअरबॉक्सचं असेल, तर विधान कधीच खोटं ठरणार नाही.

बरं, ऑइल किती आहे ते तरी बघावं, तर डिपस्टिकच नाही. पद्धत अशी, की गाडी लिफ्टवर समपातळीत उचलायची, इंजिन चालू ठेवायचं, गिअर एकेक करून फिरवायचे, ऑइलचं तापमान गिअरबॉक्सच्या पेटीनुसार साधारण ३० ते ५० अंशांच्या दरम्यान असताना खालून भरणीचा बोल्ट काढायचा आणि ऑइलची बारीक धार येते का ते बघायचं. जास्त तापलेलं असेल तर ऑइल फुगतं आणि कमी असूनही पुरेसं दिसतं. माणसाच्या रक्तासाठीसुद्धा इतके सोपस्कार नाहीत.

स्कॅनर लावला तर पी ०७०० हा कोड आला. त्याचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरची काहीतरी तक्रार आहे. कोणती, ते त्यालाच विचारा. विचारलं. पी ०७३३. तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर जुळत नाही.

दुसऱ्या गॅरेजातला मेकॅनिक कमी बोलणारा होता. मी तिथे पोचलो तेव्हा गाडी अर्थातच लोण्यासारखी चालत होती. मी ओशाळून सांगत होतो, की खरंच होतं हो असं, तेवढ्यात त्याने विचारलं, "गार असताना होतं की तापल्यावर?" एवढा साधा प्रश्न दोन्ही पंथांपैकी कोणालाच सुचला नव्हता. तापल्यावर घसरत असेल तर संशय झिजलेल्या सीलांवर, कारण ऑइल पातळ होऊन दाब गळतो. गार असताना घसरत असेल तर ऑइलच कमी असण्याची शक्यता मोठी. म्हणजे त्याच्यासमोर गाडीने शहाण्यासारखं वागणं हाच पुरावा होता.

गाडी रात्रभर तिथेच ठेवली. सकाळी मी स्टिअरिंगवर, तो शेजारी लॅपटॉप घेऊन. "दाबा," तो म्हणाला. ऍक्सिलरेटर दाबणं हे कर्तव्य म्हणून करण्याचा आनंद सांगता येणार नाही. पेटीतून बाहेर पडणारा शाफ्ट मिनिटाला १५०० फेरे घेत होता. तिसऱ्याचं गुणोत्तर २.१, म्हणजे आत येणारे फेरे ३१५० हवेत. दिसत होते ३९००. साडेसातशे फेरे वाटेत कोणीतरी खाल्ले होते. इंजिनचे फेरे मात्र आत येणाऱ्या फेऱ्यांशी जवळपास जुळत होते, म्हणजे कन्व्हर्टर निर्दोष सुटला.

वायरिंगचा कनेक्टर पेटीत शिरतो तिथलं सील पाझरत होतं. खालच्या प्लास्टिकच्या आवरणाने गळती इमाने इतबारे लपवली होती. बोल्ट काढला, धार सोडाच, थेंबही आला नाही. राहिलेलं ऑइल काळसर, किंचित करपल्या वासाचं. पेटीच्या तळाच्या पॅनमधल्या चुंबकावर राखाडी चिखल होता, पण धातूचे तुकडे नव्हते. चिखल चालतो, तुकडे चालत नाहीत.

सील, फिल्टर, नवीन ऑइल. त्यानंतर कॉम्प्युटरची जुनी शिकवण पुसली, कारण कमी दाबात दिवस काढताना त्याने भलत्याच सवयी लावून घेतल्या होत्या. "आता तो नव्याने शिकेल. तोवर हळू चालवा, अगदी हलक्या पायाने," मेकॅनिक म्हणाला. चारशे हॉर्सपॉवर बॉनेटखाली कोंडून मी पाय हवेत धरून गाडी चालवू लागलो. पोटरीत गोळे आले.

तो शिकला. तिसरा कधी पडतो ते आता कळतही नाही. सातव्यातून आठव्यात जाताना मात्र किंचित अडखळल्यासारखं वाटतं मला. बायकोला सांगितलं, तर तिने रेडिओचा आवाज वाढवला.