गुरुजी, बसा ना!

सोमवारी मी सगळे तास उभ्यानं घेतले. चौथीतल्या एका पोरीनं दोनदा खुर्ची पुसून पुढं सरकवली, "गुरुजी, बसा ना" म्हणाली. मी म्हटलं, "बसून शिकवतो तो मास्तर आळशी." मुख्याध्यापक नेमके दारातून जात होते, ते खूश झाले. खरं कारण त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. आदल्या दिवशी मी परतवाड्याहून अंजनगावला सायकलनं जाऊन परत आलो होतो, आणि खुर्चीला माणसाचा जो भाग लागतो तो माझ्यापुरता बिनपगारी रजेवर गेला होता.

सायकल माझी नव्हे. डॉक्टर म्हणाले, साखर वाढली, चाला. चालायला टोंगळे तयार होईनात. अमरावतीच्या मावसभावानं हौसेनं गिअरची सायकल घेतली होती, तीन महिने चालवली आणि नंतर तिच्यावर टॉवेल वाळत घातले. ती त्यानं मला दिली. हँडल खाली वळलेलं, चाकं बारीक, सीट वहाणेच्या तळव्याएवढी. देताना म्हणाला, "चड्डी मात्र चांगली घे." मला वाटलं, थट्टा करतोय.

पहिल्या दिवशी मी आत सुती चड्डी आणि वर शाळेचीच जुनी पँट घालून निघालो. पँटीच्या चार शिवणी खाली एका ठिकाणी येऊन मिळतात. ही चौफुली शिंप्यानं नेमकी कुठं काढलेली असते, ते मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी आसेगावच्या अलीकडं कळलं. त्यात कापूस. वऱ्हाडातल्या माणसानं कापसाची निंदा करू नये. माझ्या बापानं कापूस विकूनच मला डी.एड. केलं. पण खरं ते सांगतो. कापूस घाम पितो आणि पिऊन बसतो, सोडत नाही. मग ओलं कापड, ओली कातडी आणि मधोमध ती चौफुली, एका मिनिटाला सत्तर वेळा. घरी आलो तेव्हा फाटकापासून ओसरीपर्यंत मी ज्या चालीनं आलो ती पाहून माय म्हणाली, "काहून रे, घोड्यावर बसून आला का?"

उपाय म्हणून मी सीटवर चढवायचं जेलचं कव्हर आणलं. उशीसारखं जाड आणि मऊ. हाताला फार सुख वाटलं, पण सायकल हातानं चालवत नाहीत. माणसाचा भार पेलायला खाली दोन हाडं दिली आहेत, भार तिथंच पडायला हवा. गादी फार मऊ असली की हाडं आत रुततात आणि मधला फुगा वर येतो, जिथं कोणी बोलावलेलं नसतं तिथं. दहा किलोमीटरवर कव्हर काढलं आणि बंधाऱ्याच्या पाळीवर बसून त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. आता मायच्या पाटावर असतं. तिला फार आवडलं.

मग गेलो अमरावतीला, दुकानात. पोरगा माझ्या पोटाकडं पाहून म्हणाला, "एक्सएल द्यू का डबल?" आडव्यातिडव्या आठ तुकड्यांची चड्डी, मधे एकसंध गादी आणि त्या जागी शिवण नाही, हे त्यानं उलटी करून दाखवलं. आरशासमोर उभा राहिलो तर मागून काहीतरी लोंबतंय असं दिसलं. तो म्हणाला, "सर, उभं राहून पाहू नका. वाका." दुकानात भर दुपारी, तीन गिऱ्हाइकांसमोर, मी हँडल धरल्यासारखा वाकलो. वाकल्यावर ती खरंच बसली. म्हणजे ही वस्तू माणूस उभा असताना हास्यास्पद आणि वाकला की शहाणी. आमच्या खात्यात असे बरेच लोक आहेत.

किंमत जवळपास अर्धा क्विंटल कापसाची आणि कपड्यात कापसाचा एक धागा नाही. होता तो लायक्रा. १९५८ साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत जोसेफ शिव्हर्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं रबराला पर्याय म्हणून हा धागा काढला. ओढला की कितीतरी पट लांबतो, सोडला की मुकाट्यानं जागेवर येतो. पगाराला यातला फक्त दुसरा गुण आहे.

निघताना पोरगा हळूच म्हणाला, "आत काही घालायचं नाही बरं. आतल्या कपड्याची शिवण घासते, मग गादीचा काय उपयोग?" हे मी घरी बायकोला सांगितलं. ती बराच वेळ माझ्याकडं पाहत राहिली. "तीन हजार घालवले, अन् आत काहीच नाही?"

"नाही."

"मग आधीचंच काय वाईट होतं?"

धुण्याच्या दिवशी वेगळंच प्रकरण. एकदा घातली की धुवायलाच लागते, नाहीतर घामातले जंतू गळवं उठवतात. शिवाय आतली बाजू बाहेर करून उन्हात टाकायची. अंगणातल्या तारेवर, रस्त्याला तोंड करून, ती गादी वाळू लागली. मी मोठेपणानं मायला सांगितलं की या गादीला शॅमी म्हणतात, युरोपातल्या एका डोंगरी बकऱ्यावरून. पूर्वी लोकरीची चड्डी असायची आणि आत त्या बकऱ्याचं मऊ कातडं. धुतलं की ते कडक व्हायचं, म्हणून त्याला मलम चोळायचे. माय माळकरी. तिनं हातातला चिमटा तारेवरच ठेवला. "बकऱ्याचं कातडं तुळशीपुढं?" आता कातडं नसतं, फोम असतो, हे पटवायला मला संध्याकाळ लागली. तरी तार दुसरीकडं बांधावी लागलीच.

पण खरा घाट गावातच होता. आमच्या घरापासून डांबरी रस्त्याला लागायचं तर पारावरून जावं लागतं, आणि सकाळी सहाला तिथं अर्धं गाव चहा पीत असतं. माझेच जुने विद्यार्थी.

"गुरुजी, कबड्डीले चालले काय?"

"मांगं काय बांधलं बाप्पा?"

"अरे पगार असते तो. गुरुजी पगारावरच बसते."

तेव्हापासून मी कमरेला दुपट्टा गुंडाळून निघायचो आणि शेवटचं घर मागं पडलं की सोडून खिशात. एकदा सोडायला विसरलो. त्याचं टोक साखळीत गेलं आणि पुढचा तपशील देत नाही.

पांदणीनं शेतात जायला मी पुढं जाड टायरची सायकलही घेतली. तिला घट्ट चड्डी चालेना. गचके आले की उभं राहावं लागतं, कुठं उतरावं लागतं, आणि दोन्हीकडून बाभळी. एका काट्यानं अर्ध्या क्विंटलाला भोक पाडलं. कुसळं तर लायक्रात अशी रुतली की ती वेचायला बायकोनं चष्मा लावला. त्यासाठी वेगळी मिळते, वरून ढगळ बरमुडा आणि आत जाळीची गादीवाली. ही घालून पारावरून गेलो तर कोणी मान वर केली नाही. मी हिच्यावर जीव लावायला तयार होतो. पण ती फार ढगळ घेतली तर उभं राहून परत बसताना सीटच्या चोचीत अडकते. मी चिखलात आडवा झालो तो असाच.

मधे एकदा मोह झाला खांद्यावरून पट्टे असलेल्या बिबचा. पोट आवळत नाही, खाली घसरत नाही, सगळं खरं. श्रावणात ती घालून चिखलदऱ्याला निघालो. भीमानं कीचकाला मारून ज्या दरीत टाकलं म्हणतात ते हे गाव, समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर, विदर्भात कॉफी पिकते ती इथंच. चढ, धुकं, पाऊस. अर्ध्या घाटात लघवीला लागली. बिब असली की आधी वरचा शर्ट काढा, मग पट्टे उतरवा. सागाच्या झाडामागं भर पावसात उघड्याबंब उभ्या मास्तराला पाहून नागपूरकडची एक गाडी थांबली आणि काच खाली करून बाईंनी विचारलं, "काका, मदत पाहिजे का?"

आणि एवढं सगळं करूनही दुखणं थांबलं नव्हतंच. पोळ्याच्या आठवडाभर आधी शेजारच्या वाड्यातल्या आबाजींनी मला चालताना पाहिलं. पंचेचाळीस वर्षं सालदारकी केलेला माणूस. बिडी विझवून म्हणाले, "खांदा लागला काय?"

मी म्हटलं, "खांदा नव्हे आबाजी."

"तेच ते. दोहीकडं का एकीकडं?"

विचार केला. उजवीकडंच.

"मंग जू तिरपं हाय. एकाच बैलाचा खांदा फुटते तं जू पाहा लागते, बैल नाई." त्यांनी सायकल भिंतीला टेकवून मला वर बसवलं, पायडल मारायला लावलं आणि मागं उकिडवे बसून पाहत राहिले. सीट उंच होती. पाय पुरवायला मी प्रत्येक फेरीला उजवीकडं झुकत होतो. आम्ही ती बोटभर खाली घेतली. मग त्यांनी चड्डी चिमटीत धरून ओढली. "हे बी ढिलं हाय. मऊ जुवाचं काय करतं? ढिलं जू हालते, हालते म्हून घासते."

एक्सएल. दुकानात डबल म्हणायचा धीर झाला नाही म्हणूनच दुखतंय, असं मला मनोमन वाटत होतं, निघालं उलटंच. लार्जच हवी होती. ती आणली आणि रविवारी परत अंजनगाव केलं. सोमवारी वर्गात खुर्चीवर बसलो. पोरीनं टाळ्या वाजवल्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी. आबाजी मालकाच्या बैलजोडीला नदीवरून धुऊन आणतात, पळसाच्या पानानं खांद्याला हळद-लोणी लावून शेकतात. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं दोघांच्या कानात सांगून झालं. मी दारात उभा होतो. वाटीत थोडं उरलं होतं. ते त्यांनी नव्या पानावर घेतलं, वाड्याच्या दारापर्यंत आले आणि पान माझ्या हातात दिलं.

"घ्या गुरुजी. हे तुमचं तुमीच लावा."