ऑनलाइन थेरपी सुरू करताय? आधी घरातला कोपरा शोधा

ऑनलाइन थेरपीचा विषय निघाला की चर्चा एकाच प्रश्नावर अडते: समोरासमोर बसल्यासारखं होतं का? माझ्या मते खरी अडचण स्क्रीनची नसतेच, घराची असते. सासूबाई हॉलमध्ये, मुलं बेडरूममध्ये, आणि वाकडच्या टू बीएचकेत नवऱ्याबद्दल मोकळेपणाने बोलायचं कुठे?

हेडफोन लावला की समोरच्याचा आवाज बाहेर जात नाही, पण तुमचा जातोच. दाराबाहेर टेबल फॅन मोठ्यावर लावून ठेवा, बोलणं बऱ्यापैकी झाकलं जातं. अनेक जण सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून बोलतात. चालेल, पण बेसमेंटमध्ये रेंज जाते, वर उभी करा. चालत्या गाडीतून मात्र नाही. पुणे परिसरात गुरुवारची वेळ घेत असाल तर महावितरणचं दुरुस्तीचं काम निघून वीज जाते आणि राउटर बंद पडू शकतो, तेव्हा मोबाइल डेटा हाताशी असू द्या. फोन हातात धरू नका, पुस्तकांच्या गठ्ठ्यावर डोळ्यांच्या उंचीला टेकवा. खिडकी पाठीमागे नको, चेहरा काळा दिसतो. स्वतःची चौकट लपवायची सोय असते, ती वापरा. नाहीतर पाऊण तास स्वतःचेच केस बघण्यात जातो.

माणूस निवडताना पदवी विचारायला लाजू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्यांची आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. त्यांचा सीआरआर नंबर, म्हणजे तिथला नोंदणी क्रमांक, मागा. काउन्सेलर ही पाटी मात्र सैल आहे: कुणाकडे मानसशास्त्रातली एमए असते, कुणाकडे दोन महिन्यांचा कोर्स. औषधं डॉक्टरच, सहसा सायकियाट्रिस्ट, लिहून देतो. काउन्सेलर गोळ्या सुचवत असेल तर तिथेच थांबा.

पहिल्या सेशनआधी एक फॉर्म येतो. त्यात घरच्या एका माणसाचा नंबर मागतात, आणि सेशन सुरू होताना तुम्ही आत्ता कुठे आहात हेही विचारतात. ही चौकशी नव्हे. जिवाला धोका वाटला तर मदत कोणत्या पत्त्यावर पाठवायची, हे पडद्यापलीकडच्या माणसाला माहीत असावं लागतं. गुप्ततेची मर्यादाही तिथेच येते: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, कोर्टाचा आदेश असेल किंवा अल्पवयीन मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर गप्प राहता येत नाही. शेवटच्या बाबतीत पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारकच आहे. हे सगळं आधीच न सांगणारा काउन्सेलर मला तरी कच्चा वाटतो.

सेशन साधारण ४५ ते ५० मिनिटांचं. पहिलं जवळजवळ पूर्ण माहिती घेण्यात जातं: झोप, भूक, घरची माणसं, आधीचे आजार, चालू गोळ्या. कधी नैराश्य तपासणारी पीएचक्यू-९ सारखी प्रश्नावली देतात. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, गुण ० ते २७. म्हणूनच बऱ्याच जणांना वाटतं, पैसे दिले आणि मिळालं काय? "नोकरी सोडू का ते सांगा" म्हणून आलेला माणूस तर हमखास नाराज होतो, कारण तो निर्णय काउन्सेलर घेत नाही. तीन-चार सेशनशिवाय निकाल लावू नका. एवढं करूनही जमत नसेल तर गायब न होता तसं सरळ सांगा आणि दुसरं कुणी सुचवायला सांगा. यात अपमान कुणाचाच नाही.

शांततेचं एक वेगळंच. खोलीत काउन्सेलर गप्प बसला तर तो विचार करतोय हे दिसतं. स्क्रीनवर मात्र नेट अडकलं असं वाटून "हॅलो, ऐकू येतंय का?" सुरू होतं आणि नेमकं ओठांवर आलेलं वाक्य राहून जातं. कॉल तुटला तर कुणी कुणाला फोन करायचा, किती मिनिटं वाट बघायची आणि वाया गेलेल्या वेळेचे पैसे कसे, हे पहिल्याच दिवशी ठरवा. रद्द करण्याचा नियमही विचारा. बहुतेक ठिकाणी २४ तास आधी कळवलं नाही तर पूर्ण फी जाते. सेशननंतर लगेच ऑफिसचा कॉल ठेवू नका, पंधरा मिनिटं तरी रिकामी सोडा.

आणि काही वेळा ऑनलाइनचा हट्ट नकोच. आवाज ऐकू येणं, भास होणं, आत्महत्येचे विचार पक्के होत जाणं, यात थेट सायकियाट्रिस्ट गाठा. मारहाण करणारा माणूस त्याच घरात असेल तर बाहेरची जागा शोधा. रात्री-अपरात्री बोलायला टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, २४ तास, मोफत, मराठीतही. जीव धोक्यात असेल तर ११२.