बादलीतला अवक्षेप

दहावीच्या प्रात्यक्षिकाला माझ्या परीक्षानळीत अवक्षेप काही आलाच नाही. सोडियम सल्फेटच्या द्रावणात बेरियम क्लोराइड ओतायचं, की बेरियम सल्फेटचा पांढराशुभ्र साका तळाशी बसतो. अख्ख्या वर्गाचा बसला. मी कुठल्या बाटलीतलं काय ओतलं, देव जाणे. सर म्हणाले, "तुझ्या हातून पांढरं काही व्हायचं नाही."

सरांनी आता लातूरला आमच्या न्हाणीघरात यावं. बादली पांढरी, मग पांढरा, तोट्या पांढऱ्या. बोअरचं पाणी आहे. काळ्या बेसाल्टच्या भेगांतून मुरताना कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पोटात घेऊन वर येतं. पुस्तकात ह्याला 'दुष्फेन' म्हणतात, आई 'मेलं पाणी' म्हणते. आईचा शब्द जास्त बसतो.

साबण घासा, फेस नाही. कॅल्शियम साबणालाच धरतं आणि फाटलेल्या दुधासारखा चोथा अंगावर येतो. तो धुवायला पुन्हा तेच पाणी! डाळीला चार शिट्ट्या जास्तच. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं ना, त्यातलं टँकरनं आमच्या गल्लीत आलं तेव्हा डाळ कशी मेणासारखी शिजली, हे आई अजून पाहुण्यांना सांगते. दुष्काळाची एवढी गोड आठवण दुसऱ्या कुणाची नसावी.

खरा घोळ गिझरचा. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, इथं सगळं उलटं. पाणी तापलं की त्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागं राहिलेलं कॅल्शियम कार्बोनेट कॉइलवर चिकटतं. म्हणजे मी ऊन पाण्यानं अंघोळ करतो आणि विजेचे पैसे भरून चुनखडी पिकवतो.

परवा तिसरी कॉइल गेली. मेकॅनिकनं गिझर उघडून ठोकला, तर अर्धं घमेलं खपल्या पडल्या.

"सर, ह्याला गिझर नका म्हणू, चुन्याची भट्टी म्हणा."

उरलेल्या थरावर त्यानं लिंबूफुलाचं पाणी ओतलं. फसफसून बुडबुडे आले. इतक्या वर्षांनी माझ्या घरात एक प्रयोग यशस्वी झाला, तोही दुसऱ्याच्या हातून.

"पण हे पाणी पिलं तर तब्येतीला काही...?" मी हळूच विचारलं.

"काय होत न्हाई सर. कॅल्शियमच हाय, हाडाला चांगलं."

तेवढ्यात आई बाहेर आली. "दादा, पाणी देऊ का? बोअरचं की जारचं?"

"जारचं द्या, मावशी."