बी विंगचे सँडल

“ए मिस्त्री, हे काय करतोयस त्याचे किती घेतोस?”

रविवारी सकाळी हा प्रश्न माझ्या तळपायांना विचारण्यात आला. बाकीचा मी गाडीखाली होतो. गाडी माझी, पार्किंग माझं, आणि त्या पार्किंगचे पैसे मी दर तिमाहीला आगाऊ भरतो. आज बुधवार आहे. डोक्यातून गेलेलं नाही.

गाडी १९९८ची मारुती ८००. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. तीन सिलिंडरचं इंजिन स्वभावतःच स्वस्थ बसत नाही. पिस्टनांचे धक्के एकमेकांना बरेचसे खोडतात, पण इंजिनाची दोन टोकं आळीपाळीने डुलत राहतात. ते डुलणं बॉडीपर्यंत पोचू नये म्हणून मध्ये लोखंडाला चिकटवलेलं रबर असतं. हे माउंटिंग; गॅरेजात त्याला फाउंडेशन म्हणतात. माझी फाउंडेशनं उष्णतेने तडकली होती. त्यातलं एक टॅपेट कव्हरमधून झिरपणारं ऑइल पिऊन पिऊन लिबलिबीत झालं होतं. सिग्नलला थांबलं की आरशात मागच्या एका टेम्पोचे तीन टेम्पो दिसायचे, आणि क्लच सोडला की खालून ‘ठक्क’.

गॅरेजातल्या मुलाने आधी स्कॅनर जोडायला सॉकेट शोधलं. कार्ब्युरेटरच्या गाडीत ते नसतंच. मग तो म्हणाला, “काका, काढून टाका आता.” म्हणून सुट्या भागांसाठी पुण्यातली नाना पेठ. तिथल्या दुकानदाराने विचारलं, “ओरिजनल देऊ का चांगलं देऊ?” मी चांगलं घेतलं.

आता या रबराचं आयुष्य कोण खातं? वय खातंच, पण आमच्या गल्लीतले गतिरोधकही खातात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, असा निवांत चढणारा-उतरणारा हवा. आमच्याकडे उरलेलं डांबर जिथे संपवावंसं वाटतं तिथे गतिरोधक होतो. रुंदी वीतभर, उंची मुकादमाच्या मर्जीवर. अशा रस्त्यांवर १५ वर्षांपेक्षा जुनी गाडी चालवतो म्हणून मी पर्यावरण कर भरतो. तो मुकाट भरतो, कारण खिडकीतल्या माणसाशी वाद घातला तर कागदावर एक सही कमी निघते.

असो. संपखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली, लाकडी फळी ठेवून जॅकवर इंजिनाचं वजन घेतलं होतं, गाडी स्टँडवर होती. जुनं माउंटिंग निघालं, नवं बसलं. फक्त शेवटच्या बोल्टाचं भोक दोन सूत हुकत होतं. ते कायम हुकतंच. एका हाताने पहार लावून इंजिन रेटत होतो, दुसऱ्या हाताने बोल्ट ढकलत होतो, आणि तेवढ्यात तो प्रश्न आला.

मला दिसत होते ते फक्त सँडल. आत राखाडी मोजे, उजव्या मोज्यातून डोकावणारा अंगठा.

“पैसे नाही घेत,” मी म्हणालो.

“फुकट करतोस?” अंगठा हलला. “मग माझी पण बघ. बी विंगला, पांढरी. ब्रेक मारला की कुईं करते.”

“ते पॅड संपले असतील.”

“बघितली नाहीस, तोवर निदान कसलं काढतोस? मागच्याने पण पॅडच सांगितले होते. दोन हजाराला बुडवलं मला. तू किती घेशील?”

“मी मिस्त्री नाही हो.”

“सगळे आधी असंच म्हणतात. पाचशे देईन. वर चहा.”

पहार निसटायला आली होती. मी दात आवळून म्हणालो, “जरा थांबा, बोल्ट बसतोय.”

“सावकाश कर, घाई नाही. पण कामात लक्ष ठेव. तुम्ही लोक एक नट बसवता आणि दोन खिशात घालता.” मग जरा खाली वाकून, विश्वासात घेतल्यासारखं, “या डबड्याचा मालक कोण रे? कशाला खर्च करतो हिच्यावर?”

बोल्ट बसला. मी सरपटत बाहेर आलो. कपाळावर ग्रीस, केसांत गंजाचा चुरा, अंगात २०११च्या एका पतसंस्थेचा टीशर्ट. म्हटलं, “मालक मीच. ए-३०२.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. दिलगिरी वगैरे काही नाही. चेहऱ्यावर सरळ सरळ अपेक्षाभंग.

“म्हणजे तुम्ही इथे राहता?” एका क्षणात ‘तू’चं ‘तुम्ही’ झालं होतं, पण आवाजातला विश्वास मात्र गेला होता. “मग राहू द्या. मी कुणातरी जाणकाराला दाखवतो.”

आणि गेले! पॅडचं निदान फुकटात घेऊन गेले. मी गाडीखालचा अनोळखी माणूस होतो तोवर पाचशेला पात्र होतो. शेजारी निघालो आणि भाव शून्यावर आला. तरी माझं ठीक आहे. मला ते एकदाच ऐकावं लागलं. कोपऱ्यावरच्या गॅरेजातली मुलं ‘खिशात नट’ दिवसभर ऐकतात, आणि वर चहाही मिळत नाही.

सगळे बोल्ट आधी सैल ठेवून इंजिन जरा चालू ठेवलं, ते आपल्या जागी बसल्यावर घट्ट आवळलं. आरशात आता टेम्पो एकच दिसतो. कडा थोड्या धूसर, पण तीन सिलिंडरकडून आणखी काय मागायचं?

सोमवारी फलकावर सूचना लागली: ‘पार्किंगमध्ये बाहेरचे मिस्त्री आणून कामे करू नयेत.’ मोज्यांनी तक्रार केली होती, यात शंका नाही. सेक्रेटरींना सांगितलं की बाहेरचं कुणी नव्हतं, मीच होतो. ते म्हणाले, “पण मिस्त्रीकाम झालं ना?” मग त्यांनी, मिस्त्रीची नोंद केली नाही म्हणून वॉचमनला झापलं. तो बिचारा काल संध्याकाळी रजिस्टर घेऊन दारात उभा. नाव माझं, कुठून आले: ए-३०२, कुणाकडे: ए-३०२, काम: मिस्त्री. सगळं त्यानेच नीट भरून आणलं होतं, फक्त सही हवी होती. मी सही केली.

“साहेब,” पेन हातात तसंच धरून त्याने विचारलं, “बाहेर गेल्याची वेळ काय टाकू?”